गाडीत काय काय भरलं?

२९ जानेवारी १९७३, सोमवार

"तू विचारलंस की समोरच्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलंय." आई हे म्हणाली त्याला बावीस वर्षं झाली. कर्जतच्या घरासमोर माझी ट्रंक टांग्यात चढत होती, मला नगरच्या शाळेत नोकरी लागली होती, आणि ती उंबऱ्यात बसून एवढंच म्हणाली. मी तिला काय विचारलं होतं ते आज लिहीत नाही.

आज वाक्य आठवलं ते आप्पासाहेबांमुळे. त्यांच्या साप्ताहिकात मी अकरा वर्षं 'बायकांच्या तोंडून' हे सदर लिहिते आहे. दुष्काळी कामांवरच्या बायकांच्या मुलाखतींचा विशेष अंक काढायचा, असं ठरलं. बोलता बोलता ते म्हणाले, "बाई, तुमच्या मुलाखती अगदी स्वच्छ असतात. खानेसुमारीसारख्या." ते हसले, म्हणून मीही हसले. मग म्हणाले, "या खेपेला विजयमालेला बरोबर न्या. तिला माणसं बोलतात."

विजयमाला माझीच विद्यार्थिनी. भंडारदऱ्याकडून शिकायला आलेली, वसतिगृहात राहून अकरावी झालेली, पुढे बी.ए. करून आता आप्पासाहेबांच्या कचेरीत लागलेली. वर्गात धडा चालू असताना मधेच हात वर करायची. मी म्हणायची, प्रश्न शेवटी. शेवटी घंटा व्हायची.

४ फेब्रुवारी, रविवार

सकाळच्या एस.टी.नं कर्जत. तिथून पाझर तलावाच्या कामापर्यंत मुरुमाच्या ट्रकमध्ये पुढे बसून. आमच्या जुन्या घराची गल्ली स्टँडवरून दिसते. ट्रक सुटायला वेळ होता, पण मी गेले नाही.

काम बाजाराच्या दिवशी बंद, रविवारी चालू, हे आमच्या सोयीचं. हजार-बाराशे माणूस बांधावर. मी शाळेतल्या यंत्रावर फॉर्म छापून नेले होते. नाव, नवऱ्याचं नाव, वय, मुलं, जमीन, जनावरं, कधीपासून कामावर.

पहिलीच बाई झुंबरबाई. पस्तिशीची असेल. उंच, हाडापेरानं मोठी. डोक्यावरची पाटी रिकामी करून समोर येऊन उभी राहिली.

"नवऱ्याचं नाव?"

तिनं पदर तोंडाशी धरला आणि शेजारणीकडे बघितलं. शेजारीण रंगुबाई म्हणाली, "लिवा, भीमा. तिला न्हाई घेता येत."

"वय?"

"ते बी रंगुबाईलाच इचारा," झुंबरबाई म्हणाली. सगळ्या हसल्या.

"मुलं?" "दोन." "जमीन आहे का?" "हाय. हाय म्हंजी, जागेवर हाय."

मी लिहिलं : जमीन आहे. दुपारपर्यंत एकोणीस फॉर्म झाले. विजयमालेचा एकही नाही. ती जेवणाच्या सुट्टीत झुंबरबाईच्या शेजारी जाऊन बसली आणि आपली भाकरी सोडली. मला ऐकू आलं ते एवढंच, "तुमचं माहेर कुठलं हो?" "सोनई." "मग तिकडं तर पाणी असतं." "म्हनून तर हिकडं दिली. माज येऊ नये मला." आणि दोघी हसल्या. वही पिशवीतच होती.

परतताना एस.टी.त विचारलं, काय विचारलंस एवढं? म्हणाली, "काही नाही हो बाई. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले होते ना ते, तर निघताना गाडीत काय काय भरलं, एवढंच."

असला प्रश्न माझ्या चौथीतल्या मुलीसुद्धा विचारणार नाहीत. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

११ फेब्रुवारी, रविवार

आज फॉर्म कमी भरले आणि तिच्याकडे जास्त बघितलं. जरा अंतरावर, लिहीत असल्याचं दाखवून.

झुंबरबाई बोटं मोडून काहीतरी मोजत होती. एक बोट, दुसरं, तिसरं. विजयमाला मान हलवत होती, मधेच "कोंबडी कशात ठेवली?" असलं काहीतरी विचारत होती. मग झुंबरबाई एका बोटाशी थांबली. विजयमालाही थांबली. शिट्टी झाली, बायका उठल्या, तरी त्या दोघी तशाच. मी असते तर पुढचा प्रश्न विचारला असता. माणूस अडलं की त्याला पुढे न्यायचं, असं मी समजते. बावीस वर्षं वर्गात मी तेच करते आहे.

झुंबरबाई बोलायला लागली तेव्हा माझ्याकडे तिची पाठ होती.

एस.टी.त विजयमाला एक शब्द बोलली नाही. मीही विचारलं नाही. तिला वाटलं असेल, बाई समजूतदार आहेत. मी समजूतदार नव्हते. माझा जळफळाट होत होता.

१४ फेब्रुवारी, बुधवार

आप्पासाहेबांनी बोलावलं. आधी चहा, मग तब्येतीची चौकशी. तेव्हाच कळलं. "पाडव्यापासून सदर विजयमालेकडे द्यावं म्हणतो. तुम्हालाही शाळेचा व्याप आहे. मात्र विशेष अंकात तुमचीच मुलाखत पहिली घेऊ. चांगली एक द्या."

मी म्हटलं, "अवश्य."

घरी येऊन तिच्याबद्दल वाईट काय काय आठवतं ते आठवत बसले. अक्षर वाईट. ऱ्हस्व-दीर्घ कधीच धड नाही. निरीला पिन लावते. हसताना दात दिसतात. इथवर आले आणि माझीच मला शरम वाटली. पण थांबले नाही. नववीत तिला माझ्या विषयात पंचेचाळीस गुण होते.

१८ फेब्रुवारी, रविवार

विजयमाला भावाच्या लग्नाला गावी जायच्या तयारीत आहे, म्हणून एकटीच गेले. फॉर्म नेलेच नाहीत. भाकरी नेली, लसणाची चटणी नेली. राहीबाई नावाच्या म्हातारीशेजारी बसले, माहेर विचारलं, तिनं सांगितलं. मग म्हटलं, "ऊसतोडीला निघताना गाडीत काय काय भरलं होतं?"

"सामान."

"सामान म्हणजे नेमकं काय?"

राहीबाईनं भाकरीचा हात थांबवला. "काय गेलंय का कुनाचं? आमी कुनाचं काय उचलल्यालं न्हाई, बाई. पायजे तर मुकादमाला इचारा."

तोच प्रश्न. शब्दसुद्धा तेच.

२५ फेब्रुवारी, रविवार

परवा विजयमाला वही देऊन गावी गेली. "बाई, शुद्धलेखन बघून ठेवाल? तुमच्या नजरेखालून गेलं की मला धीर येतो." पंधरा दिवस ती नाही.

आज दिवेलागणीला वही उघडली आणि वीज गेली. फळीवरचा कंदील काढला. आईच्या घरचा, काच अजून तीच आहे, दर रविवारी पुसते. लाल शाईचं पेन घेऊन बसले.

वहीत नावं नाहीत. 'बाई १, माहेर सोनई', 'बाई २, माहेर राशीनकडे' असं. बाई १ म्हणजे कोण, ते मला ठाऊक होतं. तिचं बोलणं विजयमालेनं जसंच्या तसं उतरवलंय. इथे ठेवते आहे.

"दोन गोधड्या, तवा, परात, दोन कोयतं, पोरांची कापडं, बाजरीचं पोतं, कोंबडी टोपल्याखाली. मंग जातं. जात्यानं एका मान्साची जागा खाल्ली. आत्या दारात हुत्या. वहाना घालून उभ्या हुत्या. कुनी या म्हनलं न्हवतं, तरी वहाना घालून. मालक बैलं जुपत हुते. तकडनंच इचारलं, आई बसली का? म्या म्हनलं, त्या न्हाई म्हनत्यात. त्या काईच म्हनल्या न्हवत्या. दोन हांडं भरून ठिवलं, पीठ ठिवलं, शेजारनीला सांगितलं. फुडं शेजारीन बी कामावर गेली. पुसात सांगावा आला, आत्या गेल्या. मालकाला वाटतंय, त्यांची आईच आली न्हाई."

खाली विजयमालेनं लिहिलंय : 'इथे बाई थांबल्या. मीही थांबले.'

मी 'हुत्या'चं 'होत्या' केलं. 'वहाना'चं 'वहाणा' केलं. मग पेन खाली ठेवलं. पानावर लाल शाई फार झाली होती.

३ मार्च, शनिवार

दिलं.

आधी बाजू मांडते. सदर माझं आहे, अजून पाडवा झालेला नाही. मी तिथे हजर होते, दहा हातांवर. बाईला आधी मीच भेटले, फॉर्म माझ्याकडे आहे. वहीतलं नुसतं बोलणं होतं, त्याला सुरुवात नाही, शेवट नाही, भाषा नाही. मी ते मुलाखतीच्या रूपात बसवलं, प्रश्न घातले. 'निघताना गाडीत काय काय भरलंत?' हाही घातला. आणि वहीत जे नव्हतं ते भरलं : झुंबरबाई भ्र. भीमा, वय अंदाजे पस्तीस, अपत्ये दोन. नाव-गाव नसलेली मुलाखत ही सांगोवांगी असते, हे मीच विजयमालेला शिकवलं होतं. तिनं ते पाळलेलं नाही.

आप्पासाहेबांनी उभ्यानंच वाचलं. मग बसून पुन्हा वाचलं. "बाई," ते म्हणाले, "हे तुमच्या हाताला कधीपासून यायला लागलं?"

अकरा वर्षांत पहिल्यांदा. घरी येताना पेढे घेतले आणि एकटीनं खाल्ले.

९ मार्च, शुक्रवार

अंक निघाला. पहिल्या पानावर 'जातं नेलं, सासू ठेवली'. मथळा आप्पासाहेबांचा. खाली माझं नाव. शिक्षकांच्या खोलीत तिघींनी वाचलं, एकीनं डोळे पुसले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, त्या बाईनं तुमच्यापाशी मन मोकळं केलं, हे विशेष.

मी म्हटलं, प्रश्न नीट विचारावा लागतो.

१२ मार्च, सोमवार

विजयमाला आली. शाळा सुटल्यावर फाटकाशी उभी होती, हातात अंक. मी रविवारभर चार उत्तरं तयार ठेवली होती. 'मला का विचारलं नाहीत' म्हणाली तर एक. 'नाव का घातलंत' म्हणाली तर दुसरं. रडली तर तिसरं. भांडली तर चौथं.

ती म्हणाली, "वही घ्यायला आले होते."

मी पिशवीतून काढून दिली. तिनं उघडून बघितली. पानं लाल. "शुद्धलेखनाबद्दल आभार, बाई," म्हणाली. टोमणा नव्हता तो. मला तो टोमणा असता तर बरं वाटलं असतं.

मग ती गेली. तिनं मला काहीही विचारलं नाही. भेटेल त्याला विचारते, कंडक्टरला विचारते, रसवंतीवाल्याला त्याच्या बैलाचं नाव विचारते. मी वाट बघत फाटकाशी उभी होते. शिपायानं कुलूप लावायचं म्हणून मला बाहेर काढलं.

चारही उत्तरं तशीच शिल्लक आहेत.

१८ मार्च, रविवार

गेले. न जाण्याची चार कारणं होती, तरी गेले.

बांधावर पाऊल ठेवते तोच हजेरी कारकून गोरक्षनाथ पुढे आला. "बाई, तुमचा अंक आला. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला. आपल्या कामाचं नाव छापून आलं, चेष्टा आहे का?" त्याला खरंच आनंद झाला होता. त्यानं मला बसायला पाटी पालथी करून दिली.

मी बसले नाही. झुंबरबाई खाली मातीच्या खड्ड्यापाशी होती, रंगुबाई पाटी भरत होती. मला बघून झुंबरबाई हसली नाही, तिनं तोंडही फिरवलं नाही.

"तुम्हाला वाचून दाखवलं?" मी विचारलं. हे मला आत्ताच कळलं होतं, तरी विचारलं.

"दावलं की. समद्यांनी ऐकलं. ह्यांनी बी."

"मग काय म्हणाले?"

"काय म्हननार?  घरी गेलं, जातं उचललं आन वढ्यात टाकून आलं. दोघांनी उचलायचं जातं ते. एकट्यानं नेलं." तिनं चुंबळ डोक्यावर नीट केली. "त्या दिसापास्नं माझ्या हातची भाकर खात न्हाईत. हितली सुकडी खात्यात मूठ-मूठ. पोरांना म्हनत्यात, तुमी खा."

सुकडी म्हणजे कामावर वाटतात ते गोड पिठूळ खाणं. लहान मुलांसाठी असतं. मला दूरवर बांधाच्या टोकाला कुदळ मारणारा एक माणूस दिसला. तोच असेल. मी विचारलं नाही.

"झुंबरबाई, मी..."

"बाई, तुमी मला काय इचारलं हुतं? धन्याचं नाव. ते मला घेता येतं व्हय? मंग कागद भरून तुमी निघून गेला. आन पेपरात 'माझे पती भीमा' म्हनून त्यांचं नाव माझ्या तोंडी घातलं. सोळा वरसं म्या ते नाव तोंडातनं काढलं न्हाई. गोरक्षनाथानं वाचलं तवा त्यांनी आदी माझ्याकडं बगितलं ते त्याच्यावर. आत्यांचं मागनं आलं."

रंगुबाई म्हणाली, "त्या पोरीला तर कुनाचंच नाव नगं हुतं. नाव नगं, म्हनली, माहेर सांगा."

"ती येऊन गेली," झुंबरबाई म्हणाली. "गुरवारी. ह्यांच्या पाया पडली, माझ्या पाया पडली. म्हनली, माझ्या वहीतनं गेलं, माझीच चूक. खाली नाव तर तुमचं हाय म्हनं."

तिथेही ती माझ्या आधी पोचली होती. एवढ्या वेळात मला हेच वाटलं, हे लिहून ठेवते. झुंबरबाईचं काय होणार, हे नंतर वाटलं.

"तुमची हरकत आहे का, हे मी आधी विचारायला हवं होतं," मी म्हटलं.

"आता इचारताय व्हय."

तिच्या आवाजात राग नव्हता. काम थांबलंय, एवढंच होतं. रंगुबाईनं पाटी उचलून तिच्या डोक्यावर दिली आणि ती बांध चढायला लागली. मी तिथेच उभी. मग मला पहिल्यांदा सुचलं की तिच्या पाटीला हात लावायला कोणी लागतं. दीड महिन्यात मला ते कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी कोणाला विचारलंही नव्हतं.

कर्जतला एस.टी.ला तास होता. गल्लीत गेले. घर आता दुसऱ्या कोणाचं आहे, उंबरा तोच. एक बाई बाहेर आली, म्हणाली, "कोन पायजे?" मला सांगता आलं नाही.

२६ मार्च, सोमवार

आप्पासाहेबांचा निरोप : विजयमालेनं सदर घ्यायला नकार दिला आहे. कचेरीही सोडते आहे, गावाकडे, अकोले तालुक्यात कुठल्या शाळेत जागा मिळाली आहे, पुढच्या सोमवारी जाणार. "तेव्हा सदर तुमच्याकडेच राहू द्या, बाई. हल्ली तुमचं लिखाण खुललंय."

मला जे हवं होतं ते सगळं मिळालं. मी नको म्हणून चिठ्ठी पाठवली. का, हे त्यांनी विचारलं नाही.

तिच्याबद्दल मला अजून असूया वाटते. वाटलं होतं, ती हरली की जाईल. ती हरलीही नाही आणि असूया गेलीही नाही. फक्त आता तिचं नेमकं काय मला हवं होतं, ते कळत नाही. वही नव्हे. सदर नव्हे. ती झुंबरबाईच्या शेजारी बसली होती आणि मी दहा हातांवर होते. त्या दोघींपैकी कोणाची जागा मला हवी होती, हे मी आजवर स्वतःला नीट विचारलेलं नाही.

१ एप्रिल, रविवार

उद्या ती जाणार. पत्र लिहिलं, चार वेळा फाडलं. हे पाचवं. शुद्धलेखन तपासलेलं नाही. सकाळी स्टँडवर जाऊन तिच्या हातात देणार आहे, आणि ती न वाचता परत देईल असं मला वाटतं. उतरवून ठेवते.

'चि. विजयमाला,

झुंबरबाईंकडे परवा पुन्हा गेले होते. त्यांचे मालक अजून सुकडीच खातात. मी भीमाजींसमोर उभी राहिले आणि सांगितलं की नाव मी घातलं, ते त्यांच्या तोंडचं नाही. बाकीचं खोटं आहे असं मला सांगता आलं नाही.  त्यांनी वर बघितलं, एवढंच. झुंबरबाईंनी मला दुपारभर पाटीला हात लावू दिला. विचारलं काही नाही, आणि मीही नाही.

तू माझ्यावतीनं चूक पत्करलीस. ती मी परत घेते आहे.

तू मला जाब विचारला नाहीस. विचारणारही नाहीस, कळतं मला. मी ज्याची उत्तरं तयार ठेवली होती ते प्रश्न नकोतच. मला एक वेगळाच प्रश्न हवा आहे, आणि तो तुझ्याशिवाय कोणाला विचारता येत नाही. मी स्वतःला विचारून बघितला. मला वाटायला लागलं, माझ्यावर चोरीचा आळ आहे.

बावीस वर्षांपूर्वी मी निघताना आईला विचारलं होतं, "तुझी औषधं आता कोण आणणार?" ती जे म्हणाली ते तुला कधीतरी सांगेन. त्या हिवाळ्यात ती गेली. घरात एकच कंदील होता.

तुझी गाडी साडेसातला आहे. मी सहालाच स्टँडवर आले आहे. तू नाही म्हणशील. म्हणायलाच हवंस. तरीही सांगते : अर्धा तास माझ्या शेजारी बस, वही काढू नकोस, आणि मला विचार की निघताना ट्रंकेत काय काय भरलं. मी साड्या सांगेन, पुस्तकं सांगेन, डबा सांगेन. कंदिलाशी येऊन अडले, की पुढचं काही विचारू नकोस. माझ्याबरोबर थांब.'